संदर्भ दिला, तो टिकवायचा कसा?

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान गावाचा लेख उघडा आणि सरळ तळाशी, ‘संदर्भ’ या विभागात जा. अशा कितीतरी लेखांखाली तेच ते दुवे दिसतील. गावांची माहिती देणारे एक खासगी संकेतस्थळ, जनगणनेचे आकडे मांडणारे दुसरे, केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचे तिसरे, हवामानाचे एखादे. त्यांतल्या एकावर टिचकी मारली की आपण त्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर पोचतो. लेखात लिहिलेली लोकसंख्या किंवा साक्षरतेचे प्रमाण त्या मुखपृष्ठावर नसते. ते नेमके कुठून घेतले, हे वाचकाने हुडकायचे.

हे लेख घडवणाऱ्या स्वयंसेवकांचे श्रम मला मोलाचे वाटतात. ज्या गावाबद्दल इंटरनेटवर मराठीत फारसे काही नव्हते, त्याला निदान स्वतःचे एक पान मिळाले. म्हणूनच त्या पानाखालचा संदर्भ पोकळ राहिलेला पाहवत नाही. मूळ संकेतस्थळ उद्या बंद पडले, तरी एखाद्या अनोळखी वाचकाला दहा वर्षांनी लेखातला मजकूर पडताळता यावा, असा संदर्भ हवा. त्याची तजवीज संदर्भ देताना काही मिनिटांत होते. ती वेळ टळली की पुढे कितीही खटपट केली तरी हमी उरत नाही.

विकीवर संदर्भाला एवढे महत्त्व का, हे आधी पाहू. छापील कोशात नोंद कोणी लिहिली हे कळते, संपादक मंडळ असते, त्यांच्या विद्वत्तेवर वाचक विश्वास टाकतो. विकीवर लिहिणारा कोणीही असू शकतो. तो त्या विषयाचा प्राध्यापक असेल, नाहीतर दहावीतली मुलगी असेल. वाचकाला ते कळत नाही आणि कळण्याची गरजही नसावी, अशीच ही रचना आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी. दोन्हीकडे नियम एकच: लिहिणाऱ्याला काय ठाऊक आहे याला किंमत नाही, ते कुठे प्रसिद्ध झाले आहे हे दाखवता आले पाहिजे. वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते ती याच नियमापोटी. लेखकाच्या नावाचा आधार काढून घेतल्यावर सगळा भार स्रोतावर येतो, आणि तो स्रोत आज बहुतेक वेळा एक दुवा असतो.

दुवे फार मरतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याच पाहणीत इंग्रजी विकिपीडियाची पानेही तपासली गेली, आणि त्यांतल्या ५४ टक्के पानांच्या संदर्भांत किमान एक दुवा मेलेला निघाला. जिथे संदर्भांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे हजारो लोक आहेत, तिथली ही स्थिती. हार्वर्डच्या अभ्यासकांनी त्याआधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे तपासली होती. त्यांत दिलेल्या दुव्यांपैकी जवळपास निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते.

आपल्याकडची कारणे आपल्या ओळखीची आहेत. जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे पूर्वी ‘एनआयसी डॉट इन’ या पत्त्यावर होती. ती ‘जीओव्ही डॉट इन’वर गेली, त्यांची मांडणी नव्याने झाली, आणि जुन्या पत्त्यावरची तालुक्यांची, धरणांची, तीर्थस्थळांची पाने मागे पडली. जनगणनेच्या अधिकृत संकेतस्थळाची पुनर्रचना झाली तेव्हा २०११च्या आकडेवारीच्या असंख्य पीडीएफ फायलींचे पत्ते निकामी झाले. जिल्हा गॅझेटियर महाजालावर आली ही केवढी मोठी सोय होती! शेकडो लेखकांनी त्यांचे दुवे दिले, आणि पुढे त्यांचा पत्ता बदलला. मराठी विश्वकोशाचा पत्ताही बदलला. वृत्तपत्रे तर दर काही वर्षांनी संकेतस्थळ नव्याने बांधतात, आणि जुन्या बातम्या नव्या घरात नेण्याचे काम पुष्कळदा अर्धवट राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. नवे संकेतस्थळ बांधण्याचे कंत्राट दिले जाते, पण जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवण्याचे कलम त्या कंत्राटात घालायचे कोणाच्या लक्षात येत नाही. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ सालीच एक टिपण लिहून बजावले होते की चांगला पत्ता बदलत नाही आणि पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. ते टिपण आजही त्याच पत्त्यावर आहे.

‘पान सापडले नाही’ असे सांगणारा ४०४ क्रमांकाचा संदेश आला तर बरेच म्हणायचे, कारण दुवा मेला हे निदान समजते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे जुना पत्ता गुपचूप मुखपृष्ठावर आणून सोडणे. संगणकाच्या लेखी पान व्यवस्थित उघडलेले असते, त्यामुळे दुवे तपासणारे सांगकामेही (म्हणजे स्वयंचलित बॉट) ‘ठीक आहे’ असा शेरा मारून पुढे जातात. तिसरा प्रकार त्याहून अवघड: पत्ता तोच, पान तेच, मजकूर मात्र बदललेला. नगरपालिकेच्या ‘आमच्याविषयी’ पानावर आज एक नगराध्यक्ष आहेत, निवडणुकीनंतर दुसरे असतील. लेखात पहिल्यांचे नाव आणि संदर्भात दुसऱ्यांचे, अशी अवस्था झाली की प्रामाणिकपणे लिहिणारा खोटा ठरतो.

आणि चौथा प्रकार म्हणजे पत्त्याचीच मालकी बदलणे. नोंदणीचे पैसे भरायचे राहिले की संकेतस्थळाचे नाव मोकळे होते आणि ते कोणीही विकत घेऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी २०११ साली व्हिडिओ गेमसंबंधीच्या एका खटल्यात आपल्या मतात एका संकेतस्थळाचा दुवा दिला होता. पुढे ते नाव दुसऱ्याच कोणाच्या हाती गेले. त्याने तिथे इंटरनेटवरचा मजकूर किती क्षणभंगुर असतो, हे वाचकाला सुनावणारा एक संदेश लावला. त्याने संदेशच लावला म्हणून बरे. जुनी नावे विकत घेऊन त्यांवर जुगाराची दुकाने उघडणारे पुष्कळ आहेत. एखाद्या संतचरित्राच्या लेखाखालचा दुवा वाचकाला तिथे घेऊन जाऊ शकतो. असा दुवा दिसला की मूळ पत्ता वाचकाला दिसणार नाही असा झाकून फक्त संग्रहित प्रत पुढे करणे, हाच उपाय उरतो.

मराठीत ही झीज जास्त बोचते. लंडनमधल्या एखाद्या पुलाबद्दल एक दुवा मेला तर तीच माहिती देणारे आणखी दहा सापडतात. कोकणातल्या एखाद्या बंदराचा इतिहास, विदर्भातल्या एखाद्या सत्याग्रहाची हकीकत, तमाशाच्या एखाद्या फडाची परंपरा यांबद्दल महाजालावर एकच लेख असतो. तोही एखाद्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत आलेला. तो गेला की विकीवरचे वाक्य निराधार होते, आणि पुढचा दक्ष संपादक नियमाने ते काढून टाकू शकतो. माहिती खरी असूनही जाते.

कागदाच्या बाबतीत आपल्याकडे कायदा आहे. १९५४ सालच्या केंद्रीय कायद्यानुसार भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची असते. १९५६च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या वास्तूतले मध्यवर्ती ग्रंथालय ही ती चार ठिकाणे. सगळे प्रकाशक हा कायदा पाळतात असे नाही, पण जबाबदारी कोणाची हे तरी ठरलेले आहे. फक्त संकेतस्थळावर आलेला लेख मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनने २०१३ साली आपल्या कायद्यात वेबपानांचा समावेश केला. आपण अजून केलेला नाही. त्यामुळे आज मराठी वेबवरच्या मजकुराची प्रत ठेवण्याचे काम कायद्याने कोणाचेच नाही. ते आपण स्वयंसेवकांनी अंगावर घ्यायचे आहे.

यासाठी सर्वांत मोठा आधार म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली ही ना-नफा संस्था स्थापन केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत तिचे कार्यालय आहे. तिची ‘वेबॅक मशीन’ ही सेवा २००१ साली सर्वांसाठी खुली झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या संग्रहाने एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. जुने पान पाहण्यासाठी तिथे मूळ पत्ता टाकायचा. ते पान कोणकोणत्या दिवशी टिपले गेले याचे कॅलेंडर समोर येते. आपल्याला एखादे पान आत्ता जतन करायचे असेल तर त्याच ठिकाणी ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत पत्ता द्यायचा. थोड्या वेळात त्याची प्रत तयार होते आणि तिला स्वतःचा स्वतंत्र पत्ता मिळतो. पैसे पडत नाहीत.

त्या पत्त्यात चौदा अंकांची एक संख्या असते. पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, दोन दिवसाचे, मग तास, मिनिटे आणि सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे भारतात पहाटे साडेपाचच्या आधी जतन केलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख पडते. संदर्भात ‘संग्रहित दिनांक’ लिहिताना या संख्येवरून लिहावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नव्हे.

ही तारीख-वेळ म्हणजे एक पुरावाच असतो. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनच्या आकाशात मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. त्या दिवशी रशियाधार्जिण्या बंडखोरांचा म्होरक्या इगोर गिर्किन याच्या नावाने चालणाऱ्या एका पानावर, त्याच भागात आपण एक मालवाहू विमान पाडल्याची फुशारकी मारणारा मजकूर आला होता. विमान प्रवाशांचे होते हे कळताच तो मजकूर नाहीसा झाला. पण मधल्या वेळात वेबॅक मशीनने ते पान टिपले होते, आणि ती प्रत जगभरच्या पत्रकारांना पाहता आली.

विकीला या तारखांचा उपयोग आणखी एका कारणाने होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थमंत्री होणार असे ठरले. त्यांच्या नावात आधीच दहाएक नावांची माळ आहे. कोणीतरी जर्मन विकिपीडियावर त्या माळेत ‘विल्हेल्म’ हे एक खोटे नाव घुसवले. घाईतल्या वृत्तपत्रांनी ते तसेच उचलले. मग विकिपीडियावर शंका निघाली, तेव्हा त्याच बातम्या पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. मराठीतही बातमीदार विकीवरून उचलतात आणि विकीवाले बातमीतून, हे आपण पाहतो. अशा वेळी कोणी कोणाकडून घेतले हे कळण्याचा मार्ग एकच: विकी लेखाच्या ‘इतिहास’ पानावरची संपादनाची वेळ आणि बातमीच्या संग्रहित प्रतीवरची वेळ शेजारी ठेवून पाहणे.

हे सगळे यंत्राने आपोआप होत नाही का, असा प्रश्न येईल. बरेचसे होते. विकिपीडियाच्या तीनशेहून अधिक भाषांत कुठेही नवा बाह्य दुवा पडला की इंटरनेट आर्काइव्ह तो टिपण्याचा प्रयत्न करते. २०१८ साली हा वेग आठवड्याला सुमारे २ कोटी दुव्यांचा असल्याचे संस्थेने सांगितले होते. इंटरनेटआर्काइव्हबॉट नावाचा सांगकाम्या मेलेले दुवे शोधून त्यांच्या जागी संग्रहित प्रती जोडतो. त्याच वर्षापर्यंत या सांगकाम्याने आणि स्वयंसेवकांनी मिळून २२ भाषांत ९० लाखांहून अधिक मेलेले दुवे असे सावरले होते.

तरीही हाताने जतन करण्याचा आग्रह मी सोडणार नाही. आपोआप टिपलेली प्रत माणसाने पाहिलेली नसते. पुष्कळदा तिच्यात बातमीऐवजी ‘कुकी स्वीकारा’ अशी पाटी, नाहीतर वर्गणी भरा अशी सूचना टिपलेली असते. आपण वाचले त्या दिवशीचा मजकूर आणि यंत्राने उचलला त्या दिवशीचा मजकूर यांत फरक पडलेला असू शकतो. शिवाय ही सोय विकिपीडिया आणि त्याच्या भावंडांपुरती आहे. एखाद्या गावाने, ट्रेकर मंडळींनी, नाट्यप्रेमींनी किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे चालवलेल्या विकीकडे असे कोणतेही यंत्र डोळे लावून बसलेले नसते. तिथे जतन केले तर राहील, एवढाच हिशेब. म्हणून प्रत तयार झाली की ती उघडून बघायची, आपल्याला हवे ते वाक्य तिच्यात दिसते का ते तपासायचे, आणि मगच दुवा लेखात घालायचा.

काही पाने नीट टिपलीच जात नाहीत. खाते उघडून आत गेल्याशिवाय दिसत नाहीत अशा समाजमाध्यमांवरच्या नोंदी, नकाशे, आपण खाली सरकू तसा उलगडत जाणारा मजकूर यांच्या प्रती अर्ध्यामुर्ध्या निघतात. ई-पेपरचे तसेच. तिथले पान म्हणजे एक चित्र असते, जुने अंक काही काळाने वर्गणीदारांपुरते उरतात, आणि चित्र असल्यामुळे त्यातले शब्द शोधताही येत नाहीत. ई-पेपरचा दुवा दिला तरी त्याच्यावर विसंबू नये.

जुन्या मराठी पानांची अडचण याहून वेगळी आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटवर चालत. त्या पानात प्रत्यक्षात साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. फाँट त्यांना देवनागरीचे रूप देई. पान टिपले गेले, पण फाँट आजच्या संगणकावर नाही. म्हणून २००२ सालची संग्रहित बातमी उघडली की पडद्यावर अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. ती प्रत निकामी समजून टाकून देऊ नका. जुने फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. तो मजकूर त्यांतून काढला की बातमी वाचता येते. असा स्रोत वापरला तर शीर्षक युनिकोडमध्ये लिहावे, आणि मूळ पान जुन्या फाँटमध्ये असल्याची टीप संदर्भात जोडावी. पुढच्याला तो दुवा मेलेला वाटणार नाही. शासनाच्या कितीतरी जुन्या पीडीएफ फायलींनाही हेच लागू आहे.

आता संदर्भाच्या मजकुराकडे वळू, कारण माझ्या मते खरे काम इथे आहे. नुसता पत्ता चिकटवणे हा संदर्भ नव्हे. मराठी पत्त्यांच्या बाबतीत तर तो डोळ्यांनी वाचताही येत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणक तीन बाइटमध्ये साठवतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह अधिक दोन अक्षरे लिहितो. म्हणजे ‘मराठी’ या एका शब्दाच्या पाच चिन्हांची पत्त्यात पंचेचाळीस अक्षरे होतात. असला दुवा मेला की बातमी कशाबद्दल होती हेसुद्धा समजत नाही. त्याऐवजी लेखकाचे नाव, पूर्ण शीर्षक, प्रकाशनाचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि आपण पाहिल्याची तारीख एवढे लिहिले असेल, तर सगळे दुवे बंद झाले तरी माणूस ग्रंथालयात जाऊन तो अंक काढू शकतो. वृत्तपत्राच्या बाबतीत आवृत्ती लिहायला विसरू नका. एकाच दैनिकाच्या पुणे, कोल्हापूर आणि नागपूर आवृत्त्यांत त्याच तारखेला वेगळ्या बातम्या असतात. जिल्हा पुरवणी तर आणखी वेगळी. तारीख बरोबर असून आवृत्ती नसेल तर शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कात्रणांत नेमके हेच नसते: बातमी असते, पण वर्तमानपत्राचे नाव, तारीख, आवृत्ती कापली गेलेली असते. असे कात्रण मूळ अंक शोधण्याची सुरुवात म्हणून घ्यावे. ते उचलून विकीवर चढवणे हा प्रताधिकाराचा भंग होतो. संदर्भ द्यायला त्याची गरजही नसते.

काही कागदपत्रांना पत्त्याशी संबंध नसलेली स्वतःची ओळख असते. ती सापडली की आधी ती लिहावी. महाराष्ट्र शासनाचा निर्णय घ्या. त्याच्या माथ्यावर विभागाचे नाव, शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक असतो, आणि अलीकडच्या निर्णयांच्या शेवटी वर्ष-महिना-दिवसाने सुरू होणारा अठरा अंकी संकेतांक असतो. संकेतस्थळाची मांडणी कितीही बदलली तरी या संकेतांकावरून निर्णय शोधता येतो. विकीवर मात्र लोक तो सोडून पीडीएफचा लांबलचक पत्ता तेवढा देतात. पुस्तकाला आयएसबीएन, शोधनिबंधाला डीओआय क्रमांक तसाच. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आपल्या निकालपत्रांना कोणत्याही खासगी अहवालमालेवर अवलंबून नसलेले क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्यामागचा विचार हाच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा अनुभव इथे सांगण्याजोगा आहे. त्या प्रकल्पात स्कॅन झालेल्या लाखो पुस्तकांत मराठीतली जुनी, दुर्मीळ पुस्तके मोठ्या संख्येने होती. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडले. पण पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर चढवली गेली तेव्हा त्यांचा जुना क्रमांक नव्या ओळखीत तसाच ठेवला गेला. ज्याने संदर्भात तो क्रमांक लिहिला होता, त्याचे पुस्तक आजही सापडते.

आता इंटरनेट आर्काइव्हवरच सगळी भिस्त ठेवावी का? ठेवू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये भारतातून वेबॅक मशीन उघडेनासे झाले. दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांखाली अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद करायला सांगितली गेली होती, आणि त्या यादीत या संग्रहाचेही नाव होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेवर सायबर हल्ला झाला; सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आणि संग्रह काही दिवस बंद राहिला. परत आला तेव्हा आधी फक्त जुनी पाने वाचता येत होती, नवी जतन करता येत नव्हती. त्याआधीच्या वर्षी ब्रिटिश लायब्ररीवर असाच हल्ला होऊन तिथला वेब-संग्रह दीर्घकाळ बंद पडला. ‘वेबसाइट’ (WebCite) या नावाची, अभ्यासकांमध्ये मान्यता असलेली एक संग्रहसेवा होती. तिने २०१९ साली नवी पाने घेणे थांबवले.

म्हणून स्वतंत्र विकी चालवणाऱ्या मंडळींनी महत्त्वाच्या स्रोतांची एक प्रत आपल्याजवळही ठेवावी. त्यासाठी डब्ल्यूएआरसी नावाची फाइल-पद्धत आहे. ती २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि जगातली मोठी ग्रंथालये ती वापरतात. पानाचा मजकूर, चित्रे, टिपल्याची वेळ, सर्व्हरने दिलेले उत्तर हे सगळे तिच्यात एकत्र राहते. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त पडद्यावरचे चित्र उरते. वेबरेकॉर्डर या प्रकल्पाची मोफत साधने वापरून ब्राउझरमधूनच अशी प्रत काढता येते. २०२२च्या मार्चपासून युक्रेनवर बॉम्ब पडत असताना जगभरच्या ग्रंथपालांनी आणि हौशी मंडळींनी हीच साधने हाती घेऊन तिथल्या संग्रहालयांची, ग्रंथालयांची, शाळांची पाच हजारांवर संकेतस्थळे जतन केली. विकीसाठी काढलेली अशी प्रत मात्र आपल्या कपाटात ठेवण्यासाठी आहे. ती परस्पर प्रसिद्ध केली तर पुन्हा प्रताधिकाराचा प्रश्न उभा राहतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. प्रत जतन झाली म्हणून स्रोत विश्वासार्ह होत नाही. ऐकीव माहितीचे पान कितीही काळजीने संग्रहित केले तरी ते ऐकीवच राहते. आणि सामान्य माणसाच्या खासगी आयुष्याबद्दलचा मजकूर, तोही त्याने स्वतः काढून टाकलेला, संग्रहातून उकरून लेखात आणणे गैर आहे. सार्वजनिक कामकाजाची नोंद टिकली पाहिजे. शेजाऱ्याचे घरगुती भांडण टिकायची गरज नाही.

तुम्ही विकीवर लिहीत असाल तर या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावाचा किंवा तालुक्याचा लेख उघडा आणि त्यातला प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहा. जे चालतात ते आजच जतन करा आणि संग्रहित दुवा, संग्रहित दिनांक संदर्भात भरा. जे चालत नाहीत, त्यांचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. लेखात दुवा घातला गेला त्या सुमाराची प्रत मिळाली तर ती जोडा. मिळाली नाही तर दुवा पुसू नका. त्यापुढे ‘मृत दुवा’ अशी खूण करून ठेवा, कारण त्या मेलेल्या पत्त्यातले वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख यांवरून दुसरा कोणी छापील अंकापर्यंत पोचू शकतो. जिथे मुखपृष्ठाचा दुवा दिला आहे, तिथे नेमके पान शोधून ते घाला. आणि लिहिता येत नसेल, वेळ नसेल, तरी वाचताना एखादी चांगली मराठी नोंद नजरेस पडली तर तिचा पत्ता ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत टाकून एक प्रत काढून ठेवा. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही.